पाणबुडीचा शोध आणि माणसाचे दोन कान

भूमसारख्या गावी, बालाघाटाच्या माथ्यावर भरणाऱ्या व्याख्यानमालेत पाणबुडीचा विषय कशासाठी, असे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, ओढा, आणि पाऊस बरा झाला तर बाणगंगेचे भरलेले पात्र. समुद्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल तो मुंबईस गेल्यावर चौपाटीवर उभे राहून, तेवढाच. परंतु आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते समुद्राविषयी थोडे आणि माणसाच्या कानांविषयी फार आहे.

पहिल्या महायुद्धात पाण्याखाली दडलेली पाणबुडी हुडकून काढण्यासाठी युरोप-अमेरिकेतले नामांकित शास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांच्या खटपटीतून जी साधने निघाली त्यांपैकी एक अगदी साधे होते. त्यात वीज नव्हती, चुंबक नव्हते. दोन रबरी गोळे, दोन नळ्या आणि नळ्यांच्या टोकाशी बसलेल्या खलाशाचे दोन कान, एवढाच त्याचा पसारा. या साधनाचा इतिहास पुस्तकांतून येतो तो शोध लावणाऱ्यांच्या नावांनी येतो. ऐकणाऱ्याचे नाव त्यात नसते. आमचे म्हणणे असे की, हा इतिहास मुळात ऐकणाऱ्याच्या श्रमाचा इतिहास आहे, आणि तो तसा वाचला तर आपल्या गिरण्या-कारखान्यांतील माणसांच्या हिताची एक गोष्ट त्यातून हाती लागते.

प्रथम मूळ प्रश्न पाहू. माणसाला दोन कान कशासाठी? एक निकामी झाला तर दुसरा उपयोगी पडावा म्हणून, असे उत्तर बहुतेक देतात. ते अपुरे आहे. उस्मानाबादी शेळीच्या नावाने आपला जिल्हा देशभर ओळखला जातो, तेव्हा उदाहरण शेळीचेच घेऊ. रात्री एखादी शेळी कळपातून चुकते. अंधारात डोळ्यांचा उपयोग नसतो. शेळ्या राखणारे पोर उभे राहते, श्वास रोखते, आणि दुरून गळ्यातल्या घंटेचा आवाज आला की मान हळूहळू वळवू लागते. आवाज दोन्ही कानांत सारखा झाला, नाकासमोर आला, की ते पोर निःशंकपणे त्या दिशेने चालू लागते. त्याला हे कोणी शिकवलेले नसते. पण याच कृतीचे शास्त्र शोधण्यात विद्वानांची शे-दीडशे वर्षे गेली आहेत.

इंग्लंडचे लॉर्ड रॅले यांनी 1876 च्या सुमारास आपल्या बागेतील हिरवळीवर डोळे मिटून उभे राहून प्रयोग केले. भोवती उभे असलेले मदतनीस बोलत किंवा नादकाटे वाजवीत, आणि रॅले आवाजाची दिशा सांगत. आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे त्यांना बिनचूक कळे. समोरचा की पाठीमागचा यात मात्र, विशेषतः नादकाट्याच्या शुद्ध सुराच्या बाबतीत, घोटाळा होई. 1907 साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. बारीक, उंच सुराच्या आवाजात डोक्याचा आडोसा होऊन एका कानात आवाज मंद पडतो, त्यावरून दिशा कळते. जाड, खालच्या सुराच्या आवाजात असा आडोसा होत नाही. तेथे दोन कानांत पोचणाऱ्या लाटांच्या मागे-पुढे असण्यावरून दिशा कळते.

हे मागे-पुढे असणे किती सूक्ष्म आहे, ते आकड्यांनी पाहू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. डाव्या बाजूने आलेल्या आवाजाला उजव्या कानापर्यंत सुमारे 21 सेंटिमीटर अधिक जावे लागते असे धरले, तर त्याला सेकंदाचे साठ-बासष्ट लक्षांश अधिक लागतात. हा झाला सर्वांत मोठा फरक. आवाज जसजसा समोर येईल तसतसा तो कमी होत जातो. आणि सरावलेला माणूस एका लक्षांशाइतका फरकही ओळखू शकतो. आपण ज्याला अडाणी म्हणतो त्या शेळ्या राखणाऱ्या पोराच्या डोक्यात इतके नाजूक घड्याळ चालू असते.

आता हाच माणूस पाण्यात घाला. विहिरीत पोहणाऱ्या मुलांचा एक जुना खेळ आहे. एकाने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटावयाचे आणि दुसऱ्याने बुडी मारून आवाज कोठून आला ते सांगावयाचे. आवाज खणखणीत येतो, पण दिशा सांगता येत नाही. तो चहूकडून, किंबहुना डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो. याचे कारण 1826 साली जिनीव्हा सरोवरावर झालेल्या एका प्रयोगात सापडते. कोलाडॉन आणि स्टुर्म या दोघांनी तेथे एका नावेतून पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी दारूचा भडका उडवला, आणि सुमारे साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या नावेत पाण्यात सोडलेल्या कर्ण्याला कान लावून, भडका दिसल्यानंतर घंटा किती वेळाने ऐकू आली ते मोजले. गोड्या, थंड पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला 1435 मीटर निघाला. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे 1500 मीटर असतो, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. त्यामुळे दोन कानांतील वेळेचा फरक चौपटीहून अधिक आक्रसतो. शिवाय आपले डोके बहुतांशी पाण्यासारखेच असल्याने पाण्यातल्या आवाजाला त्याचा आडोसाही होत नाही. दिशा ओळखण्याची दोन्ही साधने एकदमच लंगडी पडतात.

विद्वानांपुढचे कोडे ते हेच. पाणी आवाज फार दूरवर नेते, पण तो कोठून आला हे सांगू देत नाही. पंधराव्या शतकात लिओनार्दो दा विंची याने लिहून ठेवले आहे की, जहाज थांबवून एक लांब नळी पाण्यात सोडली आणि तिला कान लावला तर दूरच्या जहाजांचा आवाज येतो. आवाज येतो हे खरे. पण एक नळी आणि एक कान यांनी जहाज आहे एवढेच समजते. ते कोणत्या बाजूला आहे, हे समजत नाही.

ही उणीव किती महाग पडते, ते पहिल्या महायुद्धात दिसले. फेब्रुवारी 1917 पासून जर्मनीने पाणबुड्यांना कसलाही निर्बंध ठेवला नाही. एकट्या एप्रिल 1917 मध्ये आठ लाख टनांहून अधिक वजनाची जहाजे बुडाली. टनांचे आकडे इतिहासात ठळक अक्षरांत येतात. त्या टनांच्या पोटात माणसे होती, हे सांगावे लागते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी हजारोंनी होते. डेकवर रत्नागिरीकडचे, स्वयंपाकघरात गोव्याचे, तळाशी भट्टीसमोर पंजाब आणि सिल्हेटकडचे. टॉर्पेडो लागतो तो पाण्याच्या पातळीखाली, म्हणजे भट्टीवाल्याच्या अंगावर. मुंबईत मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होम आहे. तेथील स्मारक पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील अशा सहा हजारांहून अधिक खलाशांची नावेही तेथील नोंदवहीत आहेत. पाणबुडीचा माग काढण्याचे शास्त्र हे राजेरजवाड्यांच्या कुतूहलाचे शास्त्र नव्हते. त्यावर या माणसांचे प्राण अवलंबून होते.

ब्रिटनने प्रयत्नांची पराकाष्ठा केली. पाणबुडीचा माग काढण्यास समुद्रसिंहांना शिकवून पाहिले. रिचर्ड पॅजेट नावाच्या, स्वरज्ञान उत्तम असलेल्या गृहस्थाला होडीतून उलटे धरून त्याचे डोके पाण्यात बुडवले आणि पाणबुडीच्या यंत्राचा सूर कोणता ते त्याच्याकडून वदवून घेतले, अशी गोष्ट सांगतात. त्याचे पाय धरणारा दुसरा कोणी नसून अणुशास्त्रज्ञ रदरफर्ड होता, असेही त्या गोष्टीत येते. गोष्ट रंगवलेली असेल, पण रदरफर्ड, ब्रॅग यांच्यासारखे थोर लोक त्या कामी खरोखरच लागले होते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हॉकक्रेग येथे कमांडर रायन याने पाण्यात सोडावयाचे ध्वनिग्राहक, ज्यांना हायड्रोफोन म्हणतात, ते तयार केले. ते चांगले ऐकत. परंतु एकटा हायड्रोफोन म्हणजे पुन्हा लिओनार्दोचा एकच कान.

मग काहींच्या मनात आले की, माणसाला निसर्गाने दोन कान दिले आहेत, तर समुद्रालाही दोन कान लावावेत. 1917 साली अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा बोस्टनजवळ नाहांत येथे काम सुरू झाले. क्ष-किरणांच्या नळीसाठी प्रसिद्ध असलेले कूलिज आणि पुढे 1932 साली नोबेल पारितोषिक मिळालेले लँगम्यूर ही त्यातील मोठी नावे. तेथे जे साधन सिद्ध झाले त्याचा आकार उलट्या टी अक्षरासारखा होता. होडीच्या तळातून एक उभा दांडा पाण्यात सोडलेला. त्याला खाली आडवा दांडा. आडव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना हवेने भरलेला एकेक रबरी गोळा. एका गोळ्यातून निघालेली नळी ऐकणाऱ्याच्या डाव्या कानात, दुसरी उजव्या कानात. डॉक्टरांच्या गळ्यात असते तशी. पाण्यातला आवाज गोळा दाबतो, गोळ्यातली हवा थरथरते, ती थरथर कानापर्यंत येते.

यातली खुबी आडव्या दांड्याच्या लांबीत होती. पाण्यात आवाज चौपटीहून अधिक वेगाने जातो, म्हणून दोन गोळ्यांतील अंतर माणसाच्या दोन कानांतील अंतराच्या चौपटीहून अधिक, म्हणजे मीटरभराच्या आसपास ठेवले, की वेळेचा फरक पुन्हा तेवढाच होतो जेवढा माणसाला हवेत वावरताना जन्मापासून सवयीचा आहे. जणू खलाशाचे डोके मीटरभर रुंद करून समुद्रात ठेवले. मग तो खलाशी करी काय? जे शेळ्या राखणारे पोर करते तेच. हातातले चाक हळूहळू फिरवी. आवाज डावीकडून सरकत सरकत मध्यावर आला की चाक थांबवी आणि खालच्या तबकडीवरचा अंश वाचून सांगे. आवाज समोरचा की पाठीमागचा, हा रॅले यांना पडलेला पेचही येथे सुटे. चाक थोडे उजवीकडे नेल्यावर आवाज डावीकडे सरकला तर शत्रू समोर. उजवीकडेच सरकला तर पाठीमागे.

पुढे यात सुधारणा झाली. दांडा फिरवण्याऐवजी एका कानाकडे जाणारी हवेची वाट कमी-अधिक लांब करावयाची आणि त्या योगे आवाज मध्यावर आणावयाचा, अशी युक्ती निघाली. विस्कॉन्सिनचे प्राध्यापक मॅक्स मेसन यांनी जहाजाच्या तळाला दोहों बाजूंनी गोळ्यांच्या रांगाच बसवल्या. ज्या दिशेकडे लक्ष द्यावयाचे तिकडचा आवाज सर्व गोळ्यांतून एकाच वेळी कानात पोचून बळकट होई. इतर दिशांचा विस्कळीत होऊन मंदावे. आजची मोठमोठी सोनार यंत्रे वीज आणि गणकयंत्र यांच्या साहाय्याने मूलतः हेच करतात.

शत्रुपक्षातही हीच कल्पना निघाली होती, आणि ती काढणाऱ्यांपैकी एकाचे नाव आपण आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. बर्लिनमध्ये मॅक्स वर्थायमर हे मानसशास्त्रज्ञ आणि एरिख फॉन होर्नबोस्टेल हे संगीताचे अभ्यासक, या दोघांनी 1915 साली दोन कानांनी दिशा ऐकण्याचे यंत्र तयार केले. दोन कानांतील अंतरासाठी आम्ही वर धरलेला 21 सेंटिमीटरचा आकडा त्यांचाच. याच होर्नबोस्टेल यांनी 1904 साली, अब्राहम या सहकाऱ्यासोबत, फोनोग्राफवर मुद्रित केलेल्या हिंदी चालींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या कानाने आपल्याकडच्या सुरांतील बारकावे टिपले, तोच कान दहा वर्षांनी तोफांचा आणि पाणबुड्यांचा माग काढू लागला. पुढे हिटलरशाहीत, 1933 साली, दोघांनाही देश सोडावा लागला. ज्ञानाची आणि राज्यसत्तेची गाठ किती निसरडी असते, ते यावरून दिसते.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. हे साधन बिनचूक होते ते माणसाच्या जिवावर. स्वतःच्या यंत्राचा आवाज नको म्हणून होडी थांबवावी लागे; लाटांवर हेलकावत, थंडीत, तो खलाशी तळघरात कान देऊन बसे. पाणबुडी शोधणाऱ्या लहान लाकडी होड्या तिघीतिघींच्या टोळीने निघत. तिघींवरचे तीन ऐकणारे आपापला अंश सांगत. नकाशावर तीन रेषा ओढल्या की त्या जेथे छेदत तेथे शत्रू. एकाचा कान चुकला की तिघांची मेहनत वाया. म्हणून अमेरिकेने न्यू लंडन येथे ऐकणाऱ्यांची शाळा काढली, आणि उमेदवारांचे कान तपासूनच त्यांना निवडले. व्यापारी जहाजाचा पंखा कसा धपापतो, पाणबुडीचा कसा सुळसुळतो, माशांच्या थव्याचा आवाज कोणता, हे त्यांना शिकवले जाई. श्रोतेहो, एका गोष्टीची येथे नोंद घ्या. सरकारला या कानांची गरज होती, म्हणून ते तपासले गेले, जपले गेले. ते माणसाचे आहेत म्हणून नव्हे.

युद्ध संपल्यावर जो तो प्रतिध्वनीच्या मागे लागला. फ्रान्समध्ये लांजवँ यांनी गारेच्या स्फटिकाने पाण्यात ठोका सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकण्याची रीत सिद्ध केली होती. ब्रिटिशांनी तिला अॅस्डिक म्हटले. पाणबुडीचे भय संपले, असा त्यांचा समज झाला. दुसऱ्या महायुद्धाने तो खोटा ठरवला. मुंबईहून आफ्रिकेस निघालेली तिलावा ही आगबोट 23 नोव्हेंबर 1942 रोजी जपानी पाणबुडीने अरबी समुद्रात बुडवली. 280 माणसे गेली. त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीला पाणबुडीविरोधी शिक्षण द्यावे लागले. मुंबईस मछलीमार नावाची शाळा त्यासाठी होती. 11 फेब्रुवारी 1944 रोजी विशाखापट्टणजवळ जमना या हिंदी युद्धनौकेने दोन ऑस्ट्रेलियन नौकांसह जपानची आरओ-110 ही पाणबुडी बुडवली. अॅस्डिक आले तरी कान सुटला नव्हता. प्रतिध्वनीचा सूर चढला की शत्रू जवळ येतो आहे, उतरला की दूर जातो आहे, हे कर्णयंत्र लावून बसलेला खलाशीच सांगत असे.

कानाने काम करणाऱ्या या हिंदी नाविकांना वागणूक कशी मिळे, हे मुंबईने फेब्रुवारी 1946 मध्ये पाहिले. 18 तारखेला संपाची ठिणगी पडली ती कुलाब्याच्या तलवार या केंद्रावर, आणि तलवार ही होती संदेशवाहनाची शाळा. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे सिग्नलमन, उपाध्यक्ष मदनसिंग हे तारयंत्री. निकृष्ट अन्न, गोऱ्या नाविकांच्या मानाने कमी पगार आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ ही कारणे. 22 तारखेला मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी हरताळ पाळला. यंत्राचा कान म्हणून ज्याला बसवले होते त्याला तोंडही आहे, हे राज्यकर्त्यांना त्या दिवशी कळले.

युद्धानंतर दोन कानांच्या शास्त्राने आणखी एक पाऊल टाकले, आणि आमच्या मते ते सर्वांत मोलाचे आहे. 1948 साली अमेरिकेत हर्श आणि लिकलायडर यांनी वेगवेगळे प्रयोग केले. दोन्ही कानांत सारखा गोंगाट सोडून त्यात एक मंद सूर मिसळला. सूर दोन्ही कानांत एकसारखा असता तो गोंगाटात बुडून जाई. परंतु एका कानातला सूर उलटा केला, म्हणजे एका कानात लाट चढत असता दुसऱ्यात उतरेल असे केले, की तोच सूर गोंगाटातून वर येई. जाड सुरांच्या बाबतीत हा लाभ 15 डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे सुराची शक्ती तिसाव्या हिश्श्यावर आणली तरी तो ऐकू येतो. त्याच वर्षी जेफ्रेस यांनी कल्पना मांडली की, मेंदूतच लांब-आखूड वाटांचे जाळे असावे आणि दोन कानांचे निरोप त्यातून तोलले जात असावेत. नाहांतच्या कारागिरांनी रबरी नळ्यांनी जे केले होते, ते निसर्गाने डोक्यात आधीच करून ठेवले आहे, असा याचा अर्थ.

आठवडी बाजारात याचा पडताळा घेता येतो. शंभर तोंडांचा गलका चालू असतो, तरी आपल्या पोराची हाक आपण वेगळी काढतो. आता एका कानात बोट घाला. गलका कमी होत नाही, पण हाक हरवते. दोन कान केवळ दिशा सांगत नाहीत. ते गोंगाटातून अर्थ निवडून काढतात. समुद्रही असाच एक बाजार आहे. लाटा, पाऊस, कोळंबीची तडतड, स्वतःच्या जहाजाची घरघर, आणि त्यात कोठेतरी शत्रूचा एक बारीक धागा. म्हणून ऐकणाऱ्याच्या दोन्ही कानांत एकच आवाज ओतण्यापेक्षा, दोन वेगळ्या ग्राहकांचे आवाज दोन कानांना दिले तर त्याचा मेंदू यंत्राला मोठी मदत करू शकतो.

या विद्येची किंमत आपल्या देशाने 1971 साली मोजली. मुंबईहून पाणबुडीच्या शोधात निघालेल्या खुकरी आणि कृपाण या फ्रिगेटी दीवच्या समुद्रात असता 9 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने खुकरी बुडवली. हंगोर ही फ्रान्समध्ये बांधलेली, पुष्कळ दूरचे ऐकू शकणारी नौका होती. आपल्या नौकांवरचे ध्वनिशोधक यंत्र जुने, तोकड्या पल्ल्याचे. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. जो आधी ऐकतो तो वाचतो, एवढाच त्या रात्रीचा निवाडा होता.

यानंतर त्या यंत्रात सुधारणा करण्याचे काम आरोग्यस्वामी पॉलराज या तरुण नौदल अधिकाऱ्याने हाती घेतले. ते तामिळनाडूचे, पण शिक्षण खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात झालेले. पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण देशी सोनार तयार झाले. त्याचे नाव अप्सोह. ज्या मुंबईहून खुकरी निघाली, त्याच मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली शल्की ही पाणबुडी 7 फेब्रुवारी 1992 रोजी नौदलात आली, आणि अलीकडे 15 जानेवारी 2025 रोजी वागशीर दाखल झाली. या नौकांचे फाळके जोडणारे, पत्रे ठोकणारे, रिव्हेट आणि वेल्डिंग यांच्या गोंगाटात उभे असणारे गोदी कामगार आहेत. समुद्रातील कुजबूज ऐकण्याचे यंत्र ज्या नौकेत बसते, ती बांधताना कामगाराच्या कानाशी घणाचे घाव पडतात. हा विरोध आम्हांला सोडून जात नाही.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, म्हणून येथे आमच्या माहितीतले थोडे सांगतो. मागाच्या खात्यात माणसे ओठांच्या हालचालीवरून बोलतात. चांगला जॉबर माग न उघडता, नुसत्या खटक्यावरून, धोट्याची चाल कोठे बिघडली ते सांगतो. त्याचा कान न्यू लंडनच्या शाळेतल्या कोणत्याही खलाशाला हार गेला नसता. आणि वीस वर्षांत तोच कान त्याच गोंगाटाने जातो. हे नवे नाही. इटलीचे रामाझ्झिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात तांबटांच्या बहिरेपणाची नोंद आहे. म्हणजे रोग तीनशे वर्षे ठाऊक आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश झाला, आणि आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही मर्यादा नियमांत आली. पण लहान लहान शेडांत विखुरलेल्या यंत्रमागांपर्यंत तपासनीस क्वचितच पोचतो.

त्याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण बहिरेपण म्हणजे शंभर टक्के हानी धरली होती. एक डोळा गेला तर 40 टक्के. एका कानाच्या बहिरेपणाला मात्र त्या यादीत ओळच नव्हती. यादी करणाऱ्यांनी हिशेब साधा केला असावा की, दुसरा कान आहे ना, मग ऐकू येतेच. आज आपण जो इतिहास पाहिला तो सबंध या हिशेबाविरुद्ध साक्ष देतो. एक कान गेला म्हणजे निम्मे ऐकणे गेले असे नव्हे. दिशा जवळजवळ सारीच गेली, आणि गोंगाटातून हाक निवडण्याची शक्तीही गेली. गोदीत, यार्डात, रस्त्याच्या कामावर पाठीमागून येणारा ट्रक कोणत्या अंगाने येतो आहे, हे एका कानाच्या माणसाला कळत नाही. ज्या एका कानाने नौदलाला शत्रू सापडेना, म्हणून दोन कानांचे यंत्र करावे लागले, त्या एका कानावर कामगाराने मात्र बिनतक्रार जगावे, असे कायदा कसा म्हणू शकतो?

करावयास हवे ते अवघड नाही. कामावर घेताना प्रत्येकाचे दोन्ही कान वेगवेगळे तपासावेत आणि नोंद कामगाराच्या हाती द्यावी. दर वर्षी पुन्हा तपासावेत. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागते ते खाते धोक्याचे समजावे. तेथे आधी यंत्राचा गोंगाट कमी करावा, आणि मग कानाला बोळे द्यावेत, याच क्रमाने. एका कानाची हानी भरपाईच्या यादीत स्वतंत्रपणे यावी. आणि आपण गावकऱ्यांनीही एवढे पाहावे की, वरातीतल्या कर्ण्यांच्या भिंतीपुढे आपली पोरे तास तास नाचतात, त्यांचे कान अजून कोणत्याही कामाला लागायचे आहेत.

पाणबुडी शोधण्याच्या शास्त्राने शंभर वर्षांपूर्वी एक गोष्ट मान्य केली. यंत्राला माणसाच्या मापाचे केले, त्याच्या दोन कानांतील अंतर हाच मूळ आकडा धरला, तेव्हा ते यंत्र चालले. हा धडा युद्धासाठी शिकता आला. तो पोटासाठी राबणाऱ्यांच्या बाबतीत शिकावयाचा अजून राहिला आहे.